छत्तीस सह्यांची वही

माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीच्या वडिलांनी विचारलं होतं, "प्रोबेशन ऑफिसर म्हणजे नोकरी अजून पक्की झालेली नाही, असंच ना?" मी म्हटलं, नोकरी पक्की आहे. "मग प्रोबेशनवर कोण आहे?" मी म्हटलं, "गुन्हेगार." त्यावर माझ्या मामांनी घाईघाईनं चहाचा विषय काढला. लग्न झालं, पण सासऱ्यांनी पत्रिकेत माझ्या नावापुढे 'सरकारी नोकरीत' एवढंच छापलं.

संपादकांनी 'सत्तरच्या दशकातल्या सोलापूर कोर्टातले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. तसे पुष्कळ आहेत. अकलूजचा एक पैलवान मारामारीत सापडून माझ्या देखरेखीखाली आला होता. तो दर महिन्याला हजेरीला येताना गुळाची ढेप घेऊन यायचा. मी परत पाठवायचो. ढेप लहान पडली असा त्याचा समज व्हायचा आणि पुढच्या महिन्यात तो दोन आणायचा. शहराच्या पूर्व भागातला एक तेलुगू विणकर तरुण कारखान्यातली चादर पळवताना सापडला होता. मी त्याच्या घरी चौकशीला जायचो म्हणून त्याच्या आईनं गल्लीत सांगून ठेवलं, हे विम्याचे साहेब आहेत. सहा महिन्यांत त्या गल्लीतल्या चौघांनी मला पॉलिसीचे दर विचारले. मी हे किस्से लग्नाकार्यात बऱ्याच वेळा सांगितले आहेत आणि लोक हसले आहेत.

पण लिहायला बसलो की मला सिदाप्पा आठवतो. त्यात हसण्यासारखं फारसं नाही आणि जे आहे ते माझ्यावरच हसण्यासारखं आहे. ते एकदा लिहून टाकतो.

आधी आमचं काम काय असतं ते सांगतो, कारण वकील सोडले तर ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. माणसावर गुन्हा शाबीत झाला की त्याला तुरुंगातच धाडलं पाहिजे असं नाही. गुन्हा फार भयंकर नसेल, माणूस मुळात बरा असेल, तर कोर्ट शिक्षा बाजूला ठेवून त्याला चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर सोडू शकतं. एक वर्ष, दोन वर्षं, फार तर तीन. त्या काळात तो नीट वागला तर सुटला. अटी मोडल्या तर पुन्हा कोर्टापुढे उभा, आणि बाजूला ठेवलेली शिक्षा भोगायची. त्याला सोडावं का, याची चौकशी करून न्यायाधीशांना अहवाल देणारा आणि सोडल्यावर त्याच्यावर देखरेख ठेवणारा तो मी. स्वातंत्र्यानंतर दहा-अकरा वर्षांनी देशभरासाठी हा कायदा झाला. देखरेख करा, सल्ला द्या, मदत करा, असं त्यात आमचं काम लिहिलं आहे. असं सुटलेल्या माणसाला त्या गुन्ह्याचा डाग लागत नाही, असंही एक कलम आहे. ते मला फार आवडायचं. भाषणात मी ते नेहमी वाचून दाखवायचो.

कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात पत्र्याचं पार्टिशन घालून मला खोली करून दिली होती. एक टेबल, एक कपाट, सायकल लावायला जागा आणि तुळशीराम नावाचा शिपाई. तुळशीराम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. त्याचा जन्म सोलापूरच्या सेटलमेंटमधला, म्हणजे इंग्रज सरकारनं काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवून काटेरी तारेच्या आत ठेवलं होतं त्या वसाहतीतला. तो फार बोलत नसे. कोर्टातले लोक मला 'सुधारसाहेब' म्हणायचे आणि ते थट्टेनं म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

सिदाप्पा सांगोल्याच्या पलीकडच्या कोरड्या भागातला मेंढपाळ, वय तिशीच्या आतबाहेर. पावसाळ्यात ही माणसं गावाकडे असतात. दिवाळी झाली की मेंढरं, घोड्यावर लादलेला संसार आणि पोरंबाळं घेऊन बाहेर पडतात ती पाऊस येईपर्यंत फिरत राहतात. लोकांना वाटतं ते चाऱ्यामागं फिरतात. ते खरं आहे, पण अर्धंच. सुगी झालेल्या रानात शेतकरी त्यांची मेंढरं बसवून घेतो. मेंढरं दोन-चार दिवस त्या रानात बसली की लेंडीचं खत पडतं, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य देतो. मेंढपाळाचं वर्ष त्या धान्यावर निघतं. म्हणजे त्याचं पोट दोन गोष्टींवर: एक त्याचे पाय, आणि दुसरं म्हणजे गावोगावच्या माणसांनी त्याला 'ये, बस' म्हणणं.

वळसंगला एका रानात सिदाप्पाची मेंढरं बसली होती. रानाचे मालक चन्नप्पा, घरात कन्नड बोलणारे, बाजारात मराठी. शेजारच्या उभ्या शाळूत चार मेंढरं शिरली. शेजाऱ्यानं ती पकडून कोंडवाड्यात घालायला नेली आणि नेताना एका गाभण मेंढीच्या पोटात लाथ घातली. सिदाप्पानं काठी हाणली. शेजाऱ्याचं मनगट मोडलं.

कोर्टात वकिलानं त्याला शिकवून ठेवलं होतं की गुन्हा कबूल नाही म्हण. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मारलं की. गाबन हुती ती." वकिलानं कपाळाला हात लावला.

आमचे न्यायाधीश निवृत्तीला आलेले, कडक पण मनानं चांगले होते. त्यांनी माझ्याकडे चौकशी दिली. मी वळसंगला गेलो, सांगोल्याकडे जाऊन त्याचं गाव बघितलं. त्याच्यावर पूर्वी काही नव्हतं. चन्नप्पा स्वतः जामीन राहायला तयार झाले. "दहा वर्षं माझ्या रानात बसतोय," ते म्हणाले. "एक कणीस मोडलं नाही त्यानं. शेजारी काय, साहेब, सोडून द्या त्याचं." मी शिफारस केली की याला मुचलक्यावर सोडावं.

न्यायाधीशांनी मला चेंबरमध्ये बोलावलं. म्हणाले, "मुचलका देणाऱ्याला किंवा जामिनाला कायम पत्ता लागतो. जामिनाला आहे, मान्य. पण हा माणूस वर्षातले सात महिने कुठे असतो ते त्याचं त्याला माहीत नसतं. तुम्ही देखरेख कुणावर ठेवणार? त्याच्या मेंढरांच्या खुरांवर?" त्यांचा विचार एक वर्ष सक्तमजुरीचा होता. सिदाप्पा एक वर्ष आत गेला असता तर कळप फुटला असता. कळप हा एका माणसाच्या हाकेवर चालतो. त्याची बायको तायव्वा, म्हातारी आई आणि एक मेव्हणा यांना तो सांभाळता आला नसता. हे मी त्यांना सांगितलं आणि दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांत मला वही सुचली.

कल्पना साधी होती. एक जाड पुठ्ठ्याची वही सिदाप्पानं जवळ बाळगायची. दर महिन्यात एकदा, तो ज्या गावाच्या शिवारात असेल तिथल्या पोलीस पाटलाकडे जायचं, आणि 'हा इसम अमुक तारखेला आमच्या हद्दीत हजर होता, वर्तणूक ठीक' असं लिहून सही घ्यायची. पावसाळ्यात महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्याकडे सोलापूरला यायचं आणि माझी सही घ्यायची. तीन वर्षं, छत्तीस सह्या. एक जरी चुकली तरी मला कोर्टाला कळवावं लागेल आणि वर्षाची शिक्षा त्याची वाट बघतच होती.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला सुचलं?" मी हो म्हटलं. त्यांनी हुकूम दिला. त्या दिवशी मी सायकलवरून घरी जाताना शीळ घालत होतो हे मला आठवतं.

वहीचं पहिलं पान मी स्वतः लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. नाव, गाव, वय, आणि खाली तांबड्या शाईनं कलम, गुन्ह्याचं स्वरूप, कोर्टाच्या हुकमाचा क्रमांक. त्याखाली गोल शिक्का. गुन्हा लिहायची काही गरज होती का? तेव्हा प्रश्नच पडला नाही. सरकारी कागद म्हटला की तो कशाबद्दल आहे ते वर लिहायचं, ही आमची सवय. सिदाप्पाला वाचता येत नव्हतं. त्यानं तांबड्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "झ्याक दिसतंय."

पहिलं वर्ष छान गेलं. पावसाळ्यात तो सोलापूरला आला तेव्हा वहीत सह्या ओळीनं होत्या. एका पाटलानं तर 'इसम सज्जन' असं लिहिलं होतं. मी ती वही पुण्याला आमच्या खात्याच्या बैठकीत नेली. वरिष्ठांनी ती हातोहात फिरवली. फिरत्या माणसाला प्रोबेशन देता येत नाही हा प्रश्न सोलापूरनं सोडवला, असं एकजण म्हणाले. परत आलो तो मी जमिनीवर नव्हतोच.

आल्यावर मी तुळशीरामला सगळं सांगितलं. तो टेबल पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "माझ्या आज्जाकडंबी हुती साहेब, असली वही."

"कसली?"

"पास म्हणायचे. सेटलमेंटातनं भाईर जायाचं तर पास. ज्या गावाला जाल तितल्या पाटलाची सही घ्यायची. आल्यावर दाखवायचा. न्हाई सही, तर फटके."

मला राग आला. मी त्याला ऐकवलं की तो इंग्रजांचा जुलमी कायदा होता. माणसानं काही केलेलं नसताना त्याला जन्मानं गुन्हेगार ठरवायचे. आपला कायदा माणसाला तुरुंगातून वाचवतो. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

"व्हय, आसंल की," तुळशीराम म्हणाला आणि फडकं झटकायला बाहेर गेला. मी तो विषय पुन्हा काढला नाही. त्यानंही काढला नाही. त्याला कळलं होतं आणि मला कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच आज म्हणता येतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या जिल्ह्यात तो कसा होता हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. सिदाप्पाच्या भागात गवताची काडी नव्हती. झाडून सगळे कळप कालव्याकडे निघाले, टेंभुर्णीच्या बाजूला, अकलूजकडे, जिथं निदान पाणी दिसत होतं. तिथल्या गावांना हे लोंढे नको झाले होते आणि त्यांचंही चुकत नव्हतं.

कालव्याकाठच्या एका गावात विहिरीवरच्या इंजिनाचे सुटे भाग चोरीला गेले. पोलीस आले, पाटलाला विचारलं, शिवारात परका कोण आहे? परके शेकड्यांनी होते. पण त्यातल्या एकाचंच नाव, गाव, कलम आणि गुन्हा पाटलाला पाठ होतं, कारण चारच दिवसांपूर्वी सही करताना त्यानं ते वहीतून चावडीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं होतं. त्यांनी सिदाप्पाला उचललं. आठ दिवस कोठडीत ठेवलं. त्याच्याजवळ काही सापडलं नाही, सापडणार काय, त्याला इंजिनाचा स्क्रू कुठं असतो तेही ठाऊक नव्हतं.

इकडे गावानं त्याचा कळप शिवाराबाहेर काढला. तायव्वा आणि मेव्हणा मेंढरं घेऊन माळानं निघाले. दुष्काळात खुरटलेली कोवळी ज्वारी जनावराला विषासारखी असते, हे त्या दोघांनाही माहीत होतं. पण मागून लोक दगड मारत होते, मेंढरं दोन दिवसांची उपाशी होती, आणि वाटेत अशा ज्वारीचं एक सोडून दिलेलं रान लागलं. एवढा कळप दोघांना आवरला नाही. एका दुपारी अर्धी मेंढरं पोट फुगून मेली.

हे मला सिदाप्पानं सांगितलं नाही. कोठडीतून सुटल्यावर तो एस.टी.नं थेट सोलापूरला आला. उन्हातून आला होता, ओठ फुटले होते. त्यानं घोंगड्यातून वही काढली आणि आधी एकच गोष्ट विचारली.

"ह्या म्हैन्याची सही पाटलानं खोडली सायेब. म्हनून आत आसतानाच फौजदारसायबाकडनं घेतली. चालती न्हवं?"

मी वही पाहिली. त्या महिन्याच्या ओळीवर पाटलाची सही आडवी रेघ मारून खोडलेली होती. तिच्या खाली फौजदाराची सही आणि ठाण्याचा शिक्का होता. शेरा होता, 'सदर इसम हजर.' ते अगदी खरं होतं.

"चालते," मी म्हणालो. तो हसला. मग खाली बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. तुळशीरामनं त्याला पाणी आणून दिलं.

मेंढरांची हकीकत महिनाभरानं तायव्वानं सांगितली. ती एकटी आली होती, कडेवर लहान मूल. दारातच उभी राहिली, आत बसायला तयार होईना.

"सायेब, ती वही बंद करा."

मी म्हटलं, बाई, वही आहे म्हणून तो बाहेर आहे.

"भाईर हाय व्हय? कुटं भाईर हाय?" तिचा आवाज चढला. "गावात गेलं की आदी चावडी. चावडीत पाटील वही वाचतोय, मोट्यानं. समदं गाव ऐकतंय. मग कोन म्हनंल, ये बाबा, बसव मेंढरं माज्या रानात? धा वरसं ज्येंनी बसवली त्येबी आता न्हाय म्हंत्यात. वळसंगचे मालक तेवडे म्हंत्यात ये, पर त्येंच्या एका रानात वरीस निगतंय का? मारलं त्येनं एकदा. एकदाच मारलं. ही वही रोज मारतीया."

त्या दिवशी मी तिला एक खरी गोष्ट सांगितली नाही. कायद्यात तरतूद होती. प्रोबेशन अधिकाऱ्यानं अर्ज केला आणि कोर्टाची खात्री पटली, तर मुचलका मुदतीआधी रद्द करता येतो. दोन वर्षांहून अधिक काळ नीट वागलेला माणूस, एकही सही चुकलेली नाही, असा अर्ज न्यायाधीशांनी मंजूर केला असता. जुने साहेब निवृत्त झाले होते, पण नवे काही दगड नव्हते. अर्ज एका पानाचा झाला असता. टायपिस्ट समोरच बसायचा.

मी तो केला नाही. पुण्याहून पत्र आलं होतं की पुढच्या वर्षी नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात ही वही नमुना म्हणून ठेवायची आहे, तीन वर्षं पूर्ण झालेली, छत्तीस सह्यांची. अठ्ठावीस सह्यांची वही कोण बघणार? मी स्वतःला समजावलं की आता थोडंच राहिलं आहे, नियमानं पूर्ण होऊ दे, त्याच्याच नावाला शोभेल. तायव्वाला मी म्हणालो, "आठच महिने राहिलेत, बाई. दम धरा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं नुसता पदर सारखा केला, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि निघून गेली. तिला कायदा माहीत नव्हता, तरी मी काहीतरी लपवतोय हे तिला समजलं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

त्या आठ महिन्यांत सिदाप्पाची उरलेली मेंढरं गेली. काही विकली, काही मेली. घोडं गेलं. नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले. वही मात्र तो चुकवत नव्हता. कामावरच्या मुक्कामाला जे गाव जवळ असेल तिथल्या पाटलाची सही. मेंढरं नसलेल्या, एका जागी बसून खडी फोडणाऱ्या माणसाला त्या वहीची गरजच उरली नव्हती, तो सरळ माझ्याकडे येऊ शकला असता. हेही मला सुचलं नाही.

तीन वर्षं पुरी झाली. छत्तिसावी सही माझी. मी अंतिम अहवाल लिहिला, 'देखरेखीचा काळ पूर्णतः समाधानकारक.' त्याच्यासाठी चहा मागवला. म्हणालो, "सिदाप्पा, तू आता मोकळा. कुणाची सही नको, कुणाला सांगायचं नको." त्यानं चहा प्यायला. वहीकडे पाहत राहिला. मी ती कागदात गुंडाळली आणि पुण्याला पाठवून दिली.

पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सिदाप्पा दारात उभा. मेव्हण्याच्या ओळखीनं त्यानं दुसऱ्याची मेंढरं अर्धलीनं राखायला घेतली होती, म्हणजे होणाऱ्या कोकरांतली अर्धी त्याची. पुन्हा उभं राहायची ती एवढीच संधी होती. मला आनंद झाला.

"वही पायजे सायेब," तो म्हणाला.

"अरे, ती संपली."

"म्या त्येच सांगतोय पाटलास्नी. तर म्हंत्यात, संपली कशी? वहीवाला तू, वही टाकून पळालास व्हय? शिवारात थांबू देईनात."

मी त्याला कायद्याचं ते आवडतं कलम सांगितलं, डाग लागत नसल्याचं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "व्हय. पर ते पाटलास्नी म्हाईत न्हाय की." आणि मग, "नुसतं एवडं लिवून द्या. ह्यो सिदाप्पा. मेंढरं राखतो. बास."

त्या एका क्षणी मी शहाण्यासारखा वागलो. कपाटातून कोरी वही काढली. पहिल्या पानावर काळ्या शाईत लिहिलं: सिदाप्पा, गाव अमुक, धंदा मेंढपाळ. कलम नाही, गुन्हा नाही, हुकूम नाही. खाली सही आणि गोल शिक्का. असा दाखला द्यायचा मला काही अधिकार नव्हता. तुळशीरामनं ते वाचून दाखवलं. सिदाप्पानं वही कपाळाला लावली. तो गेल्यावर तुळशीराम माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसला. मला वाटलं, काहीतरी फिटलं.

पुढच्या सोमवारी तो परत आला. बसला नाही. वही टेबलावर ठेवली, पहिलं पान उघडलं.

"कलम लिवा सायेब."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"कलम लिवा. तांबड्या शाईनं, पयल्यावानी. पाटील म्हंत्यात, सरकारची सही हाय, शिक्का हाय, आन् गुन्हाच लिवल्याला न्हाय? म्हंजी लई मोटा आसनार. दडवलाय." त्यानं पानावरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "मनगट मोडलं म्हनून लिवल्यालं बरं हुतं. तेवड्यावर निदान एक रात थांबू देत हुते."

मी त्याला वही टाकून दे म्हणालो. वळसंगलाच राहा म्हणालो. कुठलाच सल्ला धड नव्हता आणि ते त्यालाही कळत होतं. त्यानं वही माझ्याकडे सरकवली. दारात तुळशीराम उभा होता. शेवटी मी खण उघडला, तांबड्या शाईची दौत काढली आणि चांगल्या अक्षरात लिहिलं: कलम, गुन्ह्याचं स्वरूप, हुकमाचा क्रमांक. हुकूम संपल्याचंही लिहिलं, पण ते खाली, बारीक. पानावर तेवढीच जागा उरली होती. त्या महिन्याची सही केली. मोकळ्या माणसाची.

त्यानंतर तीन वर्षं तो येत राहिला. पावसाळ्यात माझी सही, दिवाळीनंतर पाटलांच्या. एक वही भरली, दुसरी दिली. तायव्वा त्याच्याबरोबर पुन्हा कधी आली नाही. मला त्याला तोंड दाखवायची लाज वाटायची, आणि तो मात्र दर वेळी म्हणायचा, "सायेब, तुमच्यामुळं जेल चुकली."

मग माझी बदली झाली. चार्ज देताना माझ्या देखरेखीखालच्या सगळ्या माणसांची यादी करून नव्या अधिकाऱ्याला दिली. हुशार, उत्साही तरुण होता. पुण्याच्या प्रशिक्षणात त्यानं सोलापूरची ती वही पाहिली होती आणि ती माझी हे कळल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला. यादीत सिदाप्पाचं नाव नव्हतं. असणार कसं? तो सुटलेला होता. त्याच्याबद्दल तोंडी सांगावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करायची ते सुचलं नाही आणि गाडीची वेळ झाली.

ते पावसाळ्याचे दिवस होते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सिदाप्पा एस.टी.तून उतरून, वही घोंगड्यात घेऊन त्या पत्र्याच्या पार्टिशनपाशी आला असणार, आणि त्या तरुणानं कपाटातली यादी काढून त्यात त्याचं नाव शोधलं असणार.